रोजची एक खोट

गणिताच्या पाठ्यपुस्तकात भागीदारीचा एक धडा असतो. त्यात अ आणि ब मिळून एक व्यवसाय सुरू करतात, ठरलेल्या प्रमाणात भांडवल घालतात आणि वर्षाअखेरीस नफा वाटून घेतात. नोकरीची सारी वर्षे मी हा धडा शिकवला. अ आणि ब एकमेकांशी बोलतात काय, हा प्रश्न कधी कोणत्या विद्यार्थ्याने विचारला नाही आणि मलाही तो पडला नाही. तो मला जनार्दन म्हात्रे यांनी घातला, आणि तोही चालत्या गाडीत, गिअर बदलता बदलता.

"सर, तुमच्या त्या अ ला ब चा राग आला तर तो काय करतो?"

"पुस्तकात तसे काही दिलेले नाही," मी म्हणालो.

"मग बुडला असंल त्यांचा धंदा," असे म्हणून त्यांनी गाडी नागोठण्याच्या वळणावर घेतली.

जनार्दन म्हात्रे यांना पेणमध्ये सगळे जनूभाऊ म्हणत. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणारी एक कंपनी आहे. पेणच्या बाजूला राहणाऱ्या कामगारांना पहिल्या शिफ्टला तिथे पोचवण्याचे काम त्यांच्याकडे होते. माझी शाळा त्या कंपनीच्या फाटकाजवळच होती आणि मी राहायला पेणला. रेल्वेची वेळ शाळेशी जुळत नसे. जनूभाऊंनी कंपनीला विचारून मला ड्रायव्हरशेजारची जागा दिली आणि मी रोज त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. त्यामुळे पुढे जे घडले ते मी अगदी पुढच्या काचेतून पाहिले, असे म्हणायला हरकत नाही.

उंच, काटक शरीर, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खांद्यावर टॉवेल. सकाळी गाडी सुरू केल्यावर ते खाली उतरत आणि बॉनेटला पालथा हात लावत, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा. त्यांचा आवाज फार मोठा होता. त्यांच्या घरची माणसे पिढ्यान् पिढ्या मिठागरावर राबलेली. एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलायचे तर ओरडूनच बोलावे लागते, ती सवय त्यांच्या घराने रस्त्यावरही आणली. जवळ बसलेल्या माणसाशीही ते वाऱ्याच्या विरुद्ध बोलावे तसे बोलत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझी हक्काची जागा दिली नाही. "आज तुमी शेवटच्या सीटवर बसा," ते म्हणाले. "उतरताना मना सांगायचं, मागं काय काय वाजतं."

मी आज्ञेप्रमाणे शेवटच्या सीटवर बसलो. उतरताना सभ्यपणे म्हणालो, "सगळे बरे होते."

"बरं म्हंजे काय?" ते फाटकासमोर सगळ्यांच्या देखत गरजले. "पोरांच्या पेपरावर तुमी 'बरं' लिवता का? कुठं चुकलं ते लिवता ना? मग गाडीनं काय पाप केलंय?"

मी जरा विचार करून सांगितले की उजवीकडची एक खिडकी सारखी खडखडत होती आणि शेवटच्या सीटखालून धूळ येत होती. त्यांचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी खिडकी घट्ट बसवलेली होती, आणि मला पुढची जागा मिळाली.

खोट हा त्यांचा आवडता शब्द. खोट म्हणजे दोष, उणीव. लोक खोट सांगितली की दुखावतात. जनूभाऊ खोट सांगितली नाही की दुखावत. यामागचे कारण मला पुढे कळले. तरुणपणी त्यांनी आपल्या चुलतभावाबरोबर, विठ्ठलबरोबर, भागीत टेम्पो घेतला होता. विठ्ठल टेम्पोत विटा जास्त भरी. मागच्या स्प्रिंगचे पाटे दबलेले जनूभाऊंना दिसत, पण विठ्ठल वयाने मोठा, त्याला कसे बोलायचे? जनूभाऊ सकाळी उशिरा येत. ते विठ्ठलला खटके, पण जनू धाकटा, घरचाच, त्याला काय बोलायचे? असे करता करता टेम्पो विकला गेला. आजही दोन्ही घरांत गणपतीला जाणे-येणे आहे, लग्नाच्या पत्रिका वेळेवर जातात, आणि धंद्याचा शब्द कोणी काढत नाही.

"आमचं भांडण झालंच नाय, सर," ते म्हणत. "म्हणून तर मिटवता पण आलं नाय."

मी त्यांना बरीच वर्षे ओळखतो. त्यांनी आयुष्यातली सर्वांत दुःखाची गोष्ट सांगितली ती हीच, आणि तीही एवढ्याच शब्दांत.

मग कंपनीने एक नवी अट घातली. पेणच्या बाजूचे कामगार आणि कोलाडच्या बाजूच्या गावांतले कामगार, या दोन्हींची ने-आण एकाच कंत्राटात असेल. दोन गाड्या लागतील, दोन मालक असले तरी चालतील, पण सह्या दोघांच्या एकत्र, जबाबदारी दोघांची एकत्र. जनूभाऊंकडे एकच मिनीबस होती. भागीदार शोधणे भाग होते.

पेणमध्येच त्यांच्या नात्यातला एक जण नवी कोरी गाडी घेऊन तयार होता. जनूभाऊंनी त्याला नकार दिला. मी आश्चर्याने कारण विचारले.

"तो माझ्या प्रत्येक बोलण्याला व्हय म्हणतो. त्याला 'नाय' म्हणता येतं का, तेच कळलं नाय मना."

त्यानंतर रोह्याचे उस्मानभाई त्यांना नागोठण्याच्या नाक्यावर चहाला भेटले. उस्मानभाई बरीच वर्षे आखातात ट्रेलर चालवून आले होते आणि परत आल्यावर त्यांनी रोह्यात एक मिनीबस घेतली होती. बुटके, गोरे, हसतमुख, आणि बोलताना आवाज अगदी हळू. मीही त्या दिवशी बरोबर होतो. चहा संपेपर्यंत उस्मानभाई जनूभाऊंचे बोलणे ऐकत राहिले. मग पेला खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "म्हात्रे, दोन गोष्टी सांगू? तुमची गाडी डावीकडं ओढते, मघाशी येताना बघितली मी. आणि तुमी समोरच्याला बोलूच देत नाय."

जनूभाऊंनी त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिले आणि टपरीवाल्याला हाक मारली, "दोन कटिंग अजून दे रे!"

भागीदारी ठरली ती अशी. पण जनूभाऊंनी तिला जी अट घातली ती पेण-रोह्याच्या गाडीवाल्यांनी पूर्वी कधी ऐकली नव्हती. गाडीवाला सगळे काही उसने देईल, पण आपल्या गाडीचे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देणार नाही. जनूभाऊ म्हणाले, की आपली गाडी उस्मानने चालवायची आणि उस्मानची आपण. रोज सकाळी कामगारांना सोडले की कंपनीच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर दोघांनी भेटायचे आणि चालवणाऱ्याने मालकाला गाडीची एक तरी खोट सांगायची. चालवणाऱ्याने खोट शोधायची, मालकाने ती काढायची. खरोखरच काही नसेल तर "आज नाय" म्हणायचे. "बरं हाय" हे शब्द बंद.

"पण हे कशासाठी?" उस्मानभाईंनी विचारले.

"आपल्या गाडीचा आवाज आपल्या कानाला गोड लागतो, मियाँ. दुसऱ्याच्या गाडीत बसलं की सगळं ऐकू येतं."

पेणच्या नाक्यावर यावर पुष्कळ थट्टा झाली. "काय जनूभाऊ, आपलं पोर शेजाऱ्याला दिलं नि शेजाऱ्याचं तुमी खेळवताय?" कोणी म्हणे. जनूभाऊ ओरडून उत्तर देत, "व्हय, म्हणून दोन्ही पोरं शाळेत जातात! तुझं बघ, घरीच हाय!"

मला ही रचना मनापासून आवडली. शिक्षकालाही आपल्या वर्गाचा दोष दिसत नाही. शेजारच्या वर्गावर तासाला गेले की लगेच दिसतो. टपरीवरचा तो रोजचा पाच-दहा मिनिटांचा प्रसंग मी चहा पीत पाहत असे. "जनू, तुझ्या गाडीचा आरसा ढिला हाय." "उस्मान, तुझी गाडी सकाळी खोकते, डिझेल फिल्टर बघ." "जनू, काल तू हायवेवर ट्रकवाल्याशी बोलत गाडी हाकत व्हतास. मना कामगारांनी सांगितलं." हा शेवटचा दोष गाडीचा नव्हता, पण जनूभाऊंनी तो टॉवेलने तोंड पुसत मान्य केला. ‘तुमी’ चे ‘तू’ कधी झाले ते मला सांगता येणार नाही. सवयीने ते आपोआप घडले असावे.

पण सवय कुठे थांबते हेही मी पाहिले. एका ईदला उस्मानभाईंनी आम्हा दोघांना रोह्याच्या घरी जेवायला बोलावले. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी यांनी गहू, डाळी आणि मटणाचा खिचडा वाढला आणि हसत म्हणाल्या, "भाऊ, तुमची ती रीत हाय ना? आता माझ्या खिचड्याची खोट सांगा."

खिचड्यात मीठ उघड उघड जास्त होते. मला ते कळत होते, जनूभाऊंनाही कळत होते. पण इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस ताटाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काय खोट नाय, भाभी. झकास."

घरी परतताना मी त्यांना टोकले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मग म्हणाले, "घरात बसून जेवलो, सर. तिथं कशी काढायची खोट?" भीड ही आपल्याकडची फार सौम्य दिसणारी गोष्ट आहे. आपण तिला सद्गुणच मानतो. जनूभाऊंनी तिला धंद्याच्या दारातून हाकलले होते. घराच्या दारातून ती परत आली होती, आणि त्यांना ते उमगले नाही.

पावसाळा सरल्यानंतर उस्मानभाईंची आई वारली. जनूभाऊ आणि मी मयतीला गेलो. काही दिवस उस्मानभाई कामावर आले नाहीत, त्यांच्या जागी एक ओळखीचा ड्रायव्हर येत होता. ते परत आले तेव्हा चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. टपरीवर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "बोल जनू, खोट?"

"आज नाय," जनूभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. आवाजही त्यांनी खाली आणला होता. एका सकाळी पेणहून निघण्यापूर्वी जनूभाऊ बॉनेट उघडून एका छोट्या बाटलीतून कसले तरी तेल ओतताना मी पाहिले. मी विचारले तर म्हणाले, "ब्रेक ऑइल. जरा कमी झालंय." ब्रेकचे तेल कमी होणे म्हणजे ते कुठून तरी गळत असणे, हा साधा कार्यकारणसंबंध आहे. तो त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगला माहीत होता. पण गाडी उस्मानची होती, गळती शोधायला ती गॅरेजला न्यायला हवी होती, आणि त्यासाठी आई गेलेल्या माणसाला सांगायला हवे होते. जनूभाऊंनी सांगितले नाही. ते रोज सकाळी तेल ओतत राहिले.

भिसे खिंड नागोठण्याहून रोह्याकडे जाताना लागते. चढ संपला की उतार सुरू होतो, उजवीकडे दरी आणि डावीकडे डोंगराचा कडा. त्या सकाळी गाडी भरलेली होती. बरेच जण डुलक्या घेत होते. उतार लागला तेव्हा जनूभाऊंनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि तो पाय सरळ खाली गेलेला मी पाहिला. त्यांनी तो उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. गाडीचा वेग कमी झाला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. फक्त म्हणाले, "सर, दांडी घट्ट धरा." तोच आवाज, पण इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी गिअर एकेक करून खाली ओढला. इंजिन किंचाळले, मागचे लोक जागे झाले, कोणी तरी "जनूभाऊ!" असे ओरडले. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडीचा मागचा भाग सरकला. समोरून एक दुधाचा टेम्पो चढत होता. त्यांनी हॉर्नवर तळहात दाबून धरला आणि स्टिअरिंग डावीकडे, कड्याकडे वळवले. डाव्या बाजूचा पत्रा दगडांना घासत गेला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. मग डावी चाके गटारात उतरली, गाडी कलली आणि थांबली. दुधाचा टेम्पो शेजारून निघून गेला.

 मग सगळे एकदम बोलू लागले. एका कामगाराचे कपाळ समोरच्या सीटवर आपटून फुटले होते, दोघांना खरचटले होते. याहून जास्त काही झाले नाही, हे आजही मला खरे वाटत नाही. जनूभाऊ खाली उतरले आणि पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले. चाकाच्या आतून तेलाची ओली रेघ टायरवर उतरली होती. त्यांनी तिला बोट लावले आणि बोट सदऱ्याला पुसले. पांढऱ्या सदऱ्यावर तो डाग दिवसभर राहिला.

उस्मानभाईंना फोन गेला. ते आपली फेरी संपवून जनूभाऊंची गाडी घेऊन आले, कामगारांना त्यांनी कंपनीत पोचवले. गाडी पाहून ते एवढेच म्हणाले, "माणसं सलामत आहेत ना? बस्स." जनूभाऊंनी मान हलवली.

दुपारी कंपनीच्या वाहतूक विभागाच्या साहेबांनी दोघांना बोलावले. मी पुढे बसलेला होतो म्हणून मलाही बोलावले. साहेब पुण्याकडचे होते, मोजके बोलणारे.

"गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," उस्मानभाई म्हणाले.

"मग नादुरुस्त गाडी रस्त्यावर कशी आली?"

"चूक झाली, साहेब. आई गेली, त्या गडबडीत लक्ष गेलं नाय."

साहेबांनी जनूभाऊंकडे वळून म्हटले, "म्हात्रे, तुम्ही माणसे वाचवलीत. कंपनी हे लक्षात ठेवील. पण यांची गाडी आम्ही यापुढे चालवू शकत नाही. यांचे काम आजपासून बंद. तुम्ही दुसरा भागीदार आणा, कंत्राट तुमच्याकडे राहील."

उस्मानभाईंनी मान खाली घातली.  आपला मित्र वाचतो आहे एवढे त्यांना पुरेसे वाटत होते, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. मी जनूभाऊंकडे पाहिले. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता. गप्प राहिले असते तर काम राहिले असते, आणि नाक्यावर त्यांचे नाव झाले असते. पंखा डोक्यावर करकर वाजत होता.

"साहेब," शेवटी ते म्हणाले, "मना ठाऊक व्हतं."

"काय ठाऊक होते?"

"ब्रेक गळतोय ते. रोज तेल घालत व्हतो मी. त्याला बोललो नाय. त्याला ठाऊकच नव्हतं, तर त्याची चूक कशी?"

उस्मानभाईंनी एकदम मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, निदान तेव्हा नव्हता. फार ओळखीच्या माणसाला अचानक अनोळखी ठिकाणी पाहावे, तसे ते पाहत होते.

साहेबांनी समोरचे कंत्राट उघडून सह्या पाहिल्या. मग म्हणाले, "तर मग हा दोष दोघांचाही आहे. कंत्राटावर सह्या दोघांच्या आहेत. गाडी दुरुस्त होईल, आम्ही तिची तपासणी करू. आणि दोघांनी पुन्हा एकत्र सही करून लिहून द्यायचे, की यापुढे असे होणार नाही. दोघे राहा, नाहीतर दोघे जा. आठवडाभर वाट पाहीन."

बाहेर आल्यावर उस्मानभाई टपरीपाशी गेले. खिशातून जनूभाऊंच्या गाडीच्या किल्ल्या काढून त्यांनी बाकावर ठेवल्या आणि हात पुढे केला. जनूभाऊंनी त्यांच्या गाडीच्या किल्ल्या त्या हातावर ठेवल्या. उस्मानभाई रिक्षा करून निघून गेले. चहावाल्याने भरलेले दोन पेले तसेच राहिले.

त्या आठवड्यात मी एसटीने शाळेत गेलो. जनूभाऊ घराबाहेर पडत नव्हते. त्यांच्या पत्नी, शेवंताबाई, एकदा दारात भेटल्या. "सर, त्यांना काय तरी सांगा. जेवत नाय, बोलत नाय. घरात इतकं शांत बरं नाय वाटत." आठवडा संपत आला आणि उस्मानभाईंचा फोन आला नाही. मी जनूभाऊंना स्पष्ट विचारले, की तुम्ही स्वतः का जात नाही.

"जाऊन काय बोलू? माफ कर? तो माफ करील, सर. तो चांगला माणूस हाय. माफ करील नि मग बोलायचा बंद व्हईल. विठ्ठलसारखा."

आणि मग काही क्षणांनी: "उद्या चला माझ्याबरोबर. तुमी असलात की मी गोड बोलणार नाय."

आम्ही रोह्याला गेलो. जुबेदाभाभींनी दार उघडले, पाणी पुढे केले. जनूभाऊंनी पेला घेतला नाही. उस्मानभाई आतल्या पलंगावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. जनूभाऊ उंबऱ्यातच उभे राहिले आणि आपल्या मूळच्या आवाजात, गल्लीत ऐकू जाईल असे, बोलू लागले.

"उस्मान, ऐक. जे जे बोललो नाय ते सगळं आज सांगतो. ब्रेक तर हायच. पण मागचा उजवा टायर पण घासलाय, तो मी बोललो नाय. तू वायपर बदलत नाय, ते बोललो नाय. तू जो बदली ड्रायव्हर दिलास तो झोपाळू व्हता, कामगार मना सांगत व्हते, ते बोललो नाय. नि भाभी..." ते भाभींकडे वळले, घाबरलेल्या मुलासारखे. "ईदच्या खिचड्यात मीठ लय जास्त व्हतं."

 मग जुबेदाभाभींनी स्वयंपाकघरातल्या आपल्या सुनेला हाक मारली, "ऐकलंस का गो? मी सांगत व्हते ना? तू म्हणत व्हतीस, म्हात्रेभाऊंना आवडला!" आणि आतून सुनेचे हसू ऐकू आले.

उस्मानभाई हसले नाहीत. ते उठून समोर आले.

"ब्रेकचं कधी कळलं तुला?"

"तू परत कामावर आलास, त्याच दिवशी."

"मग त्याच दिवशी का नाय बोललास?"

"तुझा चेहरा बघून."

"माझा चेहरा?" त्यांचा तो हळू आवाज थरथरला. "अरे, आई गेल्यापासून सगळं गाव माझ्याशी हळू बोलत व्हतं. दुकानात हळू, मशिदीत हळू, घरात माझी बायको पण हळू. सकाळी टपरीवर यायचो ते एवढ्यासाठी, की एक माणूस तरी माझ्यावर नेहमीसारखा ओरडेल. नि तू पण तसलाच झालास. ब्रेकचं जाऊ दे, जनू. तू मना परका केलास."

 जनूभाऊंनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड झाकले. भाभींनी पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला, आणि या वेळी त्यांनी तो घेतला.

उस्मानभाईंनी पायांत चपला घातल्या. "चल. साहेबांचं ऑफिस बंद व्हईल."

दोघांनी सह्या केल्या. मी साक्षीला होतो. माझी बदली लवकरच पनवेलला झाली, मी तिकडेच राहायला गेलो आणि शिफ्टच्या गाडीतली माझी जागा सुटली.

यानंतर जनूभाऊंना मी एकदाच पाहिले, गेल्या वर्षी. पेणच्या एसटी स्टँडवर गाडीत बसलो होतो. समोर रस्त्यापलीकडे एक गॅरेज आहे. तिथून जोरजोरात आरडाओरडा ऐकू आला आणि माणसे जमू लागली. मी खिडकीतून पाहिले. एक मिनीबस जॅकवर उचललेली होती. तिच्याखालून दोन आखूड पाय बाहेर आले होते आणि शेजारी उजेडासाठी हातात बॅटरी धरून जनूभाऊ वाकलेले होते. केस पूर्ण पांढरे झालेले, आवाज मात्र तसाच.

"उस्मान, तुला दिसत नाय का? बोल्ट अडकलाय तो!"

"तू बॅटरी नीट धर! तू कधी बॅटरी नीट धरली नाय!"

"नि तू कधी चष्मा लावला नाय!"

शेजारून जाणारा एक गृहस्थ मध्ये पडायला पुढे झाला. हातात पिशवी, बोलण्यावरून बाहेरगावचा. "अहो काका, भांडू नका, रस्ता आहे," असे काही तरी तो समजुतीने म्हणाला.

जनूभाऊंनी बॅटरी खाली न घेता दुसरा हात त्याच्या छातीसमोर आडवा धरला. "तुमी जावा बाबा. आमचं काम चाललंय."

मला वाटले, उतरून हाक मारावी. पण कंडक्टरने घंटी दिली आणि एसटी निघाली. स्टँडच्या फाटकातून गाडी वळेपर्यंत जनूभाऊंचे ओरडणे माझ्या कानांवर येत होते. काय म्हणत होते ते कळले नाही. पण गाडीखालून तितक्याच चढ्या आवाजात त्यांना उत्तर मिळाले, एवढे मी ऐकले.